विमा नाही, हार्मोन्स चालू: पैशांचं गणित कसं बसवायचं?

पारलिंगी (ट्रान्स) व्यक्तींच्या हार्मोन उपचारांच्या खर्चाबद्दल आलेल्या पत्रांना आमच्या आरोग्य सल्ला मंडळाने दिलेली ही उत्तरं. ट्रान्समॅन म्हणजे जन्मताना मुलगी अशी नोंद झालेला पुरुष, तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेतो. ट्रान्सवुमन त्याउलट, ती इस्ट्राडिऑल हे स्त्री हार्मोन घेते. मात्रा लिहिल्या आहेत त्या हिशेब समजावा म्हणून. तुमची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: मी 26 वर्षांचा ट्रान्समॅन, पुण्यात नोकरी करतो. माझी 5 लाखांची आरोग्य पॉलिसी आहे. टेस्टोस्टेरॉनची आणि तपासण्यांची बिलं पाठवली, तर एका ओळीत नकार आला. विमा लोकपालाकडे जाऊ का?

नकाराच्या पत्रात 'एक्सक्ल 07' असा कोड आहे का ते पाहा. विमा नियामकाने पॉलिसीतून वगळायच्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी करून दिली आहे, आणि त्यातली सातवी बाब म्हणजे लिंगबदलाचे उपचार. शस्त्रक्रियाही त्यातच आली. हा कोड नसता तरी गाडी पुढे अडलीच असती. साधी पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावर पैसे देते, केमिस्टच्या बिलावर नाही. करारात वगळलेल्या गोष्टीसाठी लोकपालाकडे गेलात तर तो करार वाचून तेच सांगेल. तिथे ताकद घालवू नका.

लोकपाल कामाला येतो तो वेगळ्या प्रसंगी. डेंग्यूने भरती झालात, अपेंडिक्स काढलं आणि कंपनीने 'हार्मोन्स घेता' एवढ्याच कारणाने दावा फेटाळला, तर जरूर जा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची, आणि नकारापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज द्यायचा. फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. मात्र प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये 'सध्या चालू असलेली औषधं' या रकान्यात टेस्टोस्टेरॉन लिहिलेलं असलं पाहिजे. प्रीमियम वाढेल या धास्तीने लोक तो रकाना कोरा सोडतात आणि नेमका तोच कोरा रकाना कंपनीच्या हातात सापडतो. आधी कळवलं नसेल तर नूतनीकरणाआधी ईमेलने कळवा आणि पोच जपून ठेवा.

खरी वाट नोकरीच्या ठिकाणच्या गट पॉलिसीतून जाते. गट पॉलिसीच्या अटी मालक आणि विमा कंपनी मिळून ठरवतात, त्यामुळे सातवी बाब काढून टाकणारी पुरवणी विकत घेता येते. काही मोठ्या कंपन्यांनी ती घेतली आहे. एचआरकडे मागणी करायची ती नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी, कारण वर्षाच्या मध्यात अटी सहसा हलत नाहीत. मागताना 'हार्मोन्ससाठी ओपीडी खर्चही' असं स्पष्ट लिहा. नाहीतर शस्त्रक्रिया मंजूर होते आणि दर महिन्याचं इंजेक्शन तुमच्याच खिशातून चालू राहतं.

प्रश्न: मी ट्रान्सवुमन, सोलापुरात कपड्यांच्या दुकानात काम करते. पगार 14 हजार. डॉक्टरांनी इस्ट्राडिऑल व्हॅलरेट 2 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा आणि स्पायरोनोलॅक्टोन 50 मि.ग्रॅ. दोनदा दिलंय. दर महिन्याला अंदाज चुकतो. वर्षाचं बजेट कसं काढू?

अंदाज चुकतो त्याचं पहिलं कारण पट्टीतच आहे. प्रोजिनोव्हाची (इस्ट्राडिऑल व्हॅलरेटचा हा एक ब्रँड) पट्टी 28 गोळ्यांची असते. रोज दोन गोळ्या म्हणजे दोन पट्ट्या 28 दिवस पुरतात, महिनाभर नाही. वर्षाला लागतात 730 गोळ्या, म्हणजे 27 पट्ट्या. तुम्ही बारा महिन्यांच्या 24 धरत असाल, तर वरच्या तीन पट्ट्या कुठल्या तरी महिन्याच्या शेवटी अचानक उभ्या राहतात. स्पायरोनोलॅक्टोनची पट्टी 15ची असेल तर वर्षाला 49 पट्ट्या. तुमच्या पट्टीवरची छापील किंमत 27ने आणि 49ने गुणा, बेरजेला बाराने भागा, आणि येईल तो आकडा पगाराच्या दिवशी वेगळा काढा.

पट्टीवरची तारीखही पाहा. 22 सप्टेंबर 2025पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. जुनी एमआरपी छापलेला माल हाती आला तर केमिस्टला सुधारित दर विचारा.

स्पायरोनोलॅक्टोन तुम्हाला 'ब्लॉकर' म्हणून, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबायला दिलंय, पण मुळात ते रक्तदाब आणि हृदयविकाराचं जुनं औषध आहे, त्यामुळे त्याचं जेनेरिक सहज मिळतं. 'जनऔषधी सुगम' या मोबाइल अॅपवर औषधाचं नाव घातलं की जवळचं केंद्र आणि किंमत दिसते. इस्ट्राडिऑलच्या बाबतीत तितकी निवड नसते. 1 मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्यांऐवजी 2 मि.ग्रॅ.ची एक घेतली तर बहुधा स्वस्त पडते, तेवढं चिठ्ठीवर तसं लिहून घ्या.

आता तपासण्या. पैसा गळतो तो इथे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा एवढंच पुरतं: इस्ट्राडिऑल, टोटल टेस्टोस्टेरॉन, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). लॅबवाले 'फुल हार्मोन प्रोफाइल' पुढे करतात. त्यात एफएसएच, एलएच, प्रोजेस्टेरॉन, डीएचईएएस असं सगळं असतं आणि त्यातल्या एकानेही तुमची मात्रा बदलत नाही. प्रोलॅक्टिन सुरुवातीला एकदा, पुढे डॉक्टरांनी कारण सांगितलं तरच. चिठ्ठीवर तपासण्यांची नावं सुटी लिहून घ्या. 'हार्मोन्स' असा मोघम शब्द असला की काउंटरवर तो पॅकेज होऊन बसतो.

पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीबीसी या साध्या तपासण्या सरकारी दवाखान्यात करा. 15 ऑगस्ट 2023पासून महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ही सवलत वैद्यकीय महाविद्यालयांना लागू नाही. ती वेगळ्या खात्याकडे येतात आणि तिथे केसपेपर व तपासणीचे सरकारी दर लागतात, तेही खासगीपेक्षा बरेच कमी. तुमच्या भागातलं रुग्णालय कोणत्या खात्याचं, हे केसपेपरच्या खिडकीवर विचारलं की कळतं. मग खासगी लॅबमध्ये उरतात फक्त दोन हार्मोन्स.

या दोन तपासण्या वाया जाऊ नयेत म्हणून रक्त नेहमी एकाच वेळी द्या, सकाळची गोळी घेण्याआधी. गोळी जिभेखाली ठेवून दोन तासांनी रक्त दिलं तर इस्ट्राडिऑल आकाशाला भिडलेलं दिसतं, डॉक्टर मात्रा कमी करतात, पुढच्या वेळी पातळी तळाला जाते, आणि चार तपासण्यांचे पैसे गेले तरी खरी पातळी कुणालाच कळलेली नसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी काही दिवस बंद ठेवा, त्याने काही लॅबचे आकडे बिघडतात.

इस्ट्राडिऑल 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मि.लि. आणि टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, हे नेहमीचं लक्ष्य. तुमचं इस्ट्राडिऑल 130 असेल आणि छातीची वाढ हळू वाटत असेल, तर तिसरी गोळी वाढवून खर्च दीडपट होईल, वाढ दीडपट होणार नाही. तिला दोन-तीन वर्षं लागतातच.

आणि एक. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना शहाळ्याचं पाणी रोज पिऊ नका, 'लो सोडियम' मीठ वापरू नका. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकंही पोटॅशियम चढवतात. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून काटकसर करताना ही तपासणी शेवटपर्यंत कापायची नाही.

प्रश्न: मी नाशिकचा, वय 23. यूट्यूबवर सगळे ट्रान्समॅन आठवड्याला थोडं थोडं टेस्टोस्टेरॉन स्वतःच टोचून घेतात. इथे डॉक्टर तीन आठवड्यांनी अख्खं अँप्यूल देतात. आठवड्याचं स्वस्त पडेल का? आणि तीन महिन्यांचं महागडं इंजेक्शन परवडतं का?

अमेरिकेत रबरी बुचाची बाटली मिळते. सुई घालून हवं तेवढं काढा, बाकीचं पुढच्या आठवड्याला. आपल्याकडे टेस्टोव्हिरॉन डेपो किंवा सस्टानॉन 250 येतं ते काचेच्या अँप्यूलमध्ये, 1 मि.लि.मध्ये 250 मि.ग्रॅ. मान मोडली की ते एकदाच वापरायचं. उरलेलं सिरिंजमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवणारे आहेत. त्यातून जंतुसंसर्ग होऊन ढुंगणावर गळू आलं, तर ते कापायचा खर्च वर्षभराच्या बचतीला गिळतो. म्हणून आपलं वेळापत्रक अँप्यूलला धरूनच बसतं. दर तीन आठवड्यांनी घेतलंत तर वर्षाला 17 ते 18 अँप्यूल.

तीन महिन्यांचं म्हणजे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, 4 मि.लि.मध्ये 1000 मि.ग्रॅ. दुसरा डोस सहा आठवड्यांनी आणि मग साधारण बारा-बारा आठवड्यांनी, म्हणून पहिल्या वर्षी पाच इंजेक्शनं, पुढे चार ते पाच. तुलना अशी करा: एका अँप्यूलची किंमत अधिक टोचण्याची फी अधिक येण्याजाण्याचा खर्च अधिक बुडालेला रोज, याला 18ने गुणा. दुसऱ्या बाजूला तेच सगळं पाचने. दवाखाना तालुक्याला असेल आणि प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जात असेल, तर महागडं वाटणारं इंजेक्शन पुष्कळदा बरोबरीत येतं. दवाखाना गल्लीत असेल तर येत नाही. मात्र अनडेकॅनोएट घरी टोचायचं नाही. एरंडेलासारखं दाट तेल असतं, ते खोल स्नायूत सावकाश, दोन मिनिटं लावून द्यावं लागतं. तेल रक्तवाहिनीत गेलं तर लगेच खोकल्याची उबळ आणि धाप लागते, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात.

सस्टानॉनमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

जिममधून 'डायरेक्ट' मिळणारं स्वस्त अँप्यूल घेऊ नका. खोक्यावरचा बॅच नंबर आणि काचेवरचा बॅच नंबर जुळतो का, एक्स्पायरी दोन्हीकडे एकच आहे का, हे मोडण्याआधी उजेडात पाहा. जुळत नसेल तर माल बनावट किंवा उलटसुलट भरलेला. थंडीत तेलात खडे दिसले तर घाबरू नका, अँप्यूल मुठीत धरून ठेवलं की ते विरघळतात. विरघळले नाहीत तर टोचू नका.

तुमच्यासाठी कापता न येणारी तपासणी म्हणजे सीबीसी या साध्या रक्ततपासणीतलं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं. 50च्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवा, 54 ओलांडलं तर पुढचं इंजेक्शन त्यांना विचारल्याशिवाय नाही. सीबीसी सरकारी दवाखान्यात फुकट होते. टेस्टोस्टेरॉनची पातळी मात्र दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी पाहायची. अनडेकॅनोएट असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. टोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी काहीच सांगत नाही.

प्रश्न: आमच्या डेऱ्यात (गुरूकडे एकत्र राहतो त्या घरात) सगळ्या जणी माला-डी नाहीतर डायन-35 घेतात, दिवसाला चार-चार. डॉक्टर नको, तपासणी नको, स्वस्तात काम. त्यात काय वाईट? (एक चेला, परभणी)

स्वस्त म्हणता, तर आधी हिशेबच करू. डायन-35च्या पाकिटात 21 गोळ्या. रोज चार म्हणजे पाकीट पाच दिवसांत संपतं, वर्षाला 70 पाकिटं. वर सोलापूरच्या ताईंच्या इस्ट्राडिऑलच्या 27 पट्ट्या आहेत. दोन्हींच्या किमती केमिस्टला विचारा आणि मांडून पाहा.

पैशांपेक्षा मोठी भानगड वेगळी आहे. या गोळ्यांत इथिनाइल इस्ट्राडिऑल असतं: माला-डीच्या एका गोळीत 30 मायक्रोग्रॅम, डायनच्या गोळीत 35. गर्भनिरोधक म्हणून रोज एक घ्यायची ती गोळी. चार घेतल्या की यकृतावर आणि रक्त गोठण्यावर चौपट जोर. पायाच्या शिरेत गाठ धरते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो. बिडी-सिगारेट असेल तर धोका आणखी. आणखी एक फसवणूक अशी की नेहमीच्या इस्ट्राडिऑल तपासणीत हे औषध दिसतच नाही. रिपोर्टमध्ये आकडा तळाला येतो, 'लागू पडत नाही' असं वाटून मुली पाचवी-सहावी गोळी घेतात. माला-डीच्या पाकिटातल्या तपकिरी सात गोळ्या तर नुसत्या लोहाच्या आहेत.

पट्टी हातात घेतली की मागचं बारीक अक्षर वाचा. 'इस्ट्राडिऑल व्हॅलरेट' हवं. 'इथिनाइल' शब्द दिसला तर नको. 'एस्ट्रिऑल' हे तिसरंच, कमी ताकदीचं. तीनही नावं ऐकायला सारखी, आणि गर्दीच्या दुकानात पोऱ्या एकाच्या जागी दुसरं देतो.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर त्याच दिवशी अपघात विभागात जा आणि काय घेतलं ते न लाजता सांगा. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

प्रश्न: माझी मुलगी 19 वर्षांची आहे, कागदोपत्री अजून मुलगा. 'आयुष्मान'मध्ये पारलिंगींना 5 लाख मिळतात असं ऐकलं. मग हार्मोन्सचा खर्च त्यातून का नाही? (एक आई, कोल्हापूर)

ताई, ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. 2019च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 15 मध्ये हार्मोन उपचारांसकट विमा योजनेची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्यानुसार ऑगस्ट 2022 मध्ये 'आयुष्मान भारत टीजी प्लस'ची घोषणा झाली, वर्षाला माणशी 5 लाख. मात्र आयुष्मानची सगळी बांधणी भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. केमिस्टकडून दर महिन्याला घ्यायच्या गोळ्या त्या साच्यात बसत नाहीत. पुढे शस्त्रक्रिया करायची असेल तर कार्ड काढण्यात अर्थ आहे. त्यासाठी आधी पारलिंगी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून ओळखपत्र लागतं. अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवरचे नियम वाचा, ऐकीव माहितीवर कागद गोळा करू नका. तोवर हार्मोन्स थांबवायची गरज नाही, डॉक्टर ओळखपत्राशिवाय औषध लिहून देऊ शकतात.

आज खर्च कमी होतो तो दोन ठिकाणी. पहिलं, मानसोपचार तज्ज्ञांचं मूल्यांकन. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत ते करून घ्या. पत्रात निदान, निर्णयक्षमता आणि 'हार्मोन उपचारांस हरकत नाही' ही तीन वाक्यं, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक हवा. यातलं एक राहिलं तर पुढचा डॉक्टर नवं पत्र मागतो आणि पुन्हा फी. हार्मोन्ससाठी एक पत्र पुरतं, दोन लागतात असं कुणी सांगितलं तर कारण विचारा. दुसरं, अंतःस्रावतज्ज्ञाला (हार्मोन्सच्या डॉक्टरांना) वर्षातून दोनदा दाखवा आणि त्याने लिहून दिलेली योजना घेऊन मधल्या तपासण्या गावातल्या एमडी डॉक्टरांकडे करा.

पुणे आणि कल्याण इथली 'मित्र' क्लिनिकं अशा कामासाठी चांगली होती. अमेरिकेचा निधी थांबल्यावर 2025च्या सुरुवातीला ती बंद पडली. जुन्या यादीवरून तिथे खेप घालू नका. मुंबईला नातेवाईक असतील तर जी.टी. रुग्णालयात 2023 मध्ये पारलिंगींसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला आहे, तिथे चौकशी करा.

प्रश्न: निर्वाण (लिंग आणि अंडकोष काढणं) होऊन नऊ वर्षं झाली. आता हार्मोन्स बंद केले तर पैसे वाचतील ना? (ठाणे)

स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते वाचेल. अंडकोष नसल्यावर टेस्टोस्टेरॉन दाबायला काही उरत नाही, डॉक्टरांना सांगून ते काढून टाका. इस्ट्राडिऑल मात्र सोडू नका. शरीरात दोन्हींपैकी एकही हार्मोन नसलं की हाडं पोकळ होत जातात, आणि पन्नाशीत खुब्याचं हाड मोडलं तर तो खर्च कुठल्याच बजेटात बसत नाही. मात्रा बहुधा कमी करता येते. बरीच वर्षं काहीच घेतलं नसेल तर हाडांची घनता एकदा तपासून घ्या.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये लीड्सला एमएस्सीसाठी जाते आहे. वर्षभराच्या गोळ्या भरून नेऊ का?

तीन महिन्यांच्या न्या, मूळ पाकिटात, इंग्रजीतल्या चिठ्ठीसह. व्हिसाबरोबर भरलेल्या आरोग्य अधिभारामुळे तिथे जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी फुकट होते. ती पोहोचल्याच आठवड्यात करा. जेंडर क्लिनिकची रांग वर्षानुवर्षांची असते, म्हणून इथल्या डॉक्टरांकडून निदान, मात्रा आणि शेवटचे रिपोर्ट यांचं पत्र न्या. त्या आधारावर चालू औषध लिहून द्यायला काही जीपी तयार होतात, काही नाही. नकार आला तर त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या जीपीला विचारा. इंग्लंडमध्ये एका औषधामागे 9.90 पौंड लागतात, पण 19.80 पौंडांचं एचआरटीचं (हार्मोन औषधांचं) वार्षिक प्रमाणपत्र काढलं की यादीतलं इस्ट्राडिऑल वर्षभर त्यातच येतं. स्पायरोनोलॅक्टोन त्या यादीत नाही.

प्रश्न: या महिन्यात पैसेच नाहीत. काय सोडू, काय ठेवू?

गोळ्या घेणाऱ्यांनी इस्ट्राडिऑल ठेवावं आणि स्पायरोनोलॅक्टोन सोडावं, उलट नाही. नुसतं ब्लॉकर घेतलं तर हाडांना कुठलंच हार्मोन मिळत नाही. पट्टी संपेपर्यंत दिवसाआड घेण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करून कमी मात्रा ठरवा, म्हणजे पुढची तपासणी वाचता येते. काही आठवडे पूर्ण बंद राहिलं तरी आलेली छाती जात नाही. टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येतं, दाढी आणि तेलकटपणा वाढतो, पुन्हा सुरू केलं की आवरतं.

इंजेक्शन घेणाऱ्यांचा एखादा डोस चुकला तर आवाज मागे जात नाही, पण पाळी परत येऊ शकते. टेस्टोस्टेरॉन चालू असतानाही गर्भ राहू शकतो, खंड पडल्यावर शक्यता वाढते. जोडीदाराकडून तशी शक्यता असेल तर निरोधाची सोय त्याच महिन्यात करा, सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन अँप्यूल एकदम घेऊ नका.